समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला लोक सतत विचारतात. काही जण खरंच समजून घ्यायला, काही जण रागाने, आणि काही जण बाजूला घेऊन हळू आवाजात, कारण घरातलंच कोणीतरी असतं. माझं मत मी लपवत नाही, मान्यता मिळायला हवी असंच मला वाटतं. पण विरोध करणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं मी मानत नाही, त्यांच्या बऱ्याच शंका मनापासूनच्या असतात आणि त्यांना नीट उत्तर द्यायला पाहिजे, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलंय.

दोघं एकत्र राहतातच ना, मग कागद कशाला हवा?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. एकत्र राहायला कागद लागत नाही हे खरंय. कागद लागतो तो काहीतरी बिघडतं तेव्हा. एक जण आजारी पडला, अपघात झाला, वारला, की टेबलापलीकडचा माणूस विचारतो, "तुम्ही यांचे कोण?"

माझ्या ओळखीतल्या दोघी, १९ वर्षं एका घरात राहिलेल्या. एकीला रात्री अचानक ॲडमिट करावं लागलं. दुसरीने फॉर्म भरायला घेतला, वय, रक्तगट, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. शेवटी तिने 'मैत्रीण' लिहिलं. मग ऑपरेशनच्या संमतीवर सही करायला जवळचं माणूस बोलवा म्हणाले, म्हणजे सख्खा भाऊ, ज्याच्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि दोन मिनिटांत सही करून मोकळा झाला. पेशंट बरी झाली, पण ती अख्खी रात्र दुसरीने बाहेरच्या बाकड्यावर काढली आणि आतून कोणी तिला काही सांगायला आलं नाही, कारण ती कागदावर कोणीच नव्हती.

लग्नाची नोंद झाली की एका सहीत बऱ्याच गोष्टी मिळतात: वारसाहक्क, पेन्शन, विमा, टॅक्समधली सवलत, जोडीदाराचा व्हिसा, मुलांवरचा दोघांचा हक्क, आणि नातं तुटलं तर पोटगी आणि वाटणीचे नियम. शेवटचं लोक विसरतात. घटस्फोटाचं संरक्षण हाही लग्नाचाच भाग आहे, वीस वर्षं घर सांभाळलेल्या माणसाला रिकाम्या हाताने बाहेर काढता येऊ नये यासाठी ते असतं.

हे सगळं मृत्युपत्र वगैरे करून मिळत नाही का?

थोडं मिळतं, सगळं नाही. मृत्युपत्र करता येतं पण त्याला नातेवाईक कोर्टात आव्हान देऊ शकतात, आणि पेन्शन, टॅक्स, व्हिसा या गोष्टी दोघांनी आपसात करार करून येत नाहीत, त्या सरकार देतं.

अमेरिकेतलं एडिथ विंडसर यांचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. त्या आणि थिया स्पायर चाळीसहून जास्त वर्षं एकत्र होत्या, २००७ मध्ये कॅनडात जाऊन लग्न केलं, २००९ मध्ये थिया वारल्या. सगळं एडिथच्या नावावर करून ठेवलेलं होतं, तरी वारसा मिळाल्याबद्दल ३,६३,०५३ डॉलर केंद्राचा टॅक्स भरावा लागला, कारण केंद्र सरकारच्या लेखी त्या पत्नी नव्हत्या. थियाच्या जागी नवरा असता तर हा टॅक्स शून्य झाला असता. त्या भांडल्या, आणि २६ जून २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट. ओहायो राज्यात जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर हे जोडपं. जॉनला एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा आजार, तो अंथरुणाला खिळलेला. ओहायोत लग्नाला परवानगी नाही, मग नातेवाईक आणि मित्रांनी पैसे गोळा केले, वैद्यकीय सोय असलेलं छोटं विमान घेतलं, मेरीलँड राज्यात उतरले आणि विमान धावपट्टीच्या कडेला उभं असताना आतच, स्ट्रेचरशेजारी, जॉनच्या मावशीने त्यांचं लग्न लावलं. लगेच परत फिरले. तीन महिन्यांनी जॉन गेला. जिमची मागणी काय होती तर मृत्यूच्या दाखल्यावर 'हयात जोडीदार' या जागी माझं नाव लिहा. राज्य सरकार त्यासाठीसुद्धा कोर्टात भांडलं, आणि त्या एका रकान्यावरून सुरू झालेली केस, बाकी राज्यांतल्या केसेससोबत, २६ जून २०१५ च्या निकालापर्यंत गेली, ज्याने अख्ख्या देशात समलिंगी लग्न कायदेशीर झालं.

जगात सुरुवात कुठून झाली? आता किती देशांत आहे?

लग्न नाही पण नोंदणीकृत जोडीदारी ही सोय पहिल्यांदा डेन्मार्कने १९८९ मध्ये दिली. पहिल्या जोडप्यांमधले ॲक्सेल आणि आइगिल तोवर जवळपास चाळीस वर्षं एकत्र होते, आणि कायदा यायच्या कितीतरी आधी त्यांनी दोघांची नावं जोडून 'ॲक्सगिल' असं आडनाव स्वतःच तयार करून घेतलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

पूर्ण लग्न पहिल्यांदा नेदरलँड्समध्ये, १ एप्रिल २००१ ला. मध्यरात्र उलटल्यावर ॲमस्टरडॅमच्या महापौरांनी स्वतः चार जोडप्यांची लग्नं लावली. मग बेल्जियम २००३, स्पेन आणि कॅनडा २००५, दक्षिण आफ्रिका २००६, अर्जेंटिना २०१०. आशियात पहिलं तैवान, २०१९. नेपाळमध्ये सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. एकूण आकडा पस्तीसच्या वर गेलाय. म्हणजे हे फक्त श्रीमंत पाश्चात्त्य देशांचं फॅड आहे असं जे म्हणतात त्यांनी ही यादी परत एकदा बघावी.

माझ्या धर्मात हे बसत नाही. माझ्यावर जबरदस्ती का?

जबरदस्ती नाहीच आहे. लग्न दोन ठिकाणी होतं, एक देवासमोर आणि एक रजिस्टरमध्ये, आणि मागणी फक्त रजिस्टरची आहे. कुठल्या धर्माने कोणाचं लग्न लावायचं हे त्या धर्माने ठरवावं. इंग्लंडमध्ये २०१३ चा कायदा केला तेव्हा कुठल्याही धर्मसंस्थेवर सक्ती होणार नाही हे कायद्यातच लिहिलं, चर्च ऑफ इंग्लंडसाठी तर वेगळी तरतूद केली. उलट डेन्मार्कच्या चर्चमध्ये २०१२ पासून अशी लग्नं लावता येतात, पण एखाद्या पाद्रीला नको असेल तर तो नकार देऊ शकतो. धर्माच्या आतला वाद त्या त्या धर्मातली माणसं करतायत, करू द्या, कायद्याला त्यात पडायचं कारण नाही.

खरा अवघड प्रश्न धंदेवाल्यांचा आणि सरकारी नोकरांचा आहे. सरकारी नोकराबद्दल माझं मत पक्कं आहे, ज्या कामाचा पगार घेता ते काम सगळ्यांसाठी करायचं. धंद्याबद्दल कोर्टांचेही वेगवेगळे निकाल आहेत, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका वेबसाइट डिझायनरच्या बाजूने निकाल दिला की मनाविरुद्धचा मजकूर तयार करायची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. मला तो निकाल पटलेला नाही. पण दुकानात आलेल्या माणसाला वस्तू विकायला नाही म्हणणं आणि मनाविरुद्ध काही लिहायला नाही म्हणणं यात फरक आहे, हे मला मान्य आहे.

लग्न हे मूल व्हावं म्हणून असतं, नाही का?

मग सत्तरीतल्या विधुर-विधवेचं लग्न आपण का लावतो? ज्यांना मूल होणार नाही हे डॉक्टरने सांगितलंय, ज्यांना मूल नकोच आहे, त्यांचं लग्न रद्द होतं का? रजिस्ट्रार असला प्रश्न कोणाला विचारत नाही, आणि विचारला तर आपल्यालाच संताप येईल. जो नियम बाकी कोणालाच लावत नाही तो फक्त यांनाच का लावायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवाय कितीतरी समलिंगी जोडप्यांच्या घरात मुलं आहेतच, आधीच्या लग्नाची, दत्तक घेतलेली, किंवा आयव्हीएफने झालेली.

त्या मुलांचं काय? आई आणि बाप दोन्ही लागतात ना?

ही शंका मी हलक्यात घेत नाही, कारण इथे तिसऱ्याच जिवाचा प्रश्न असतो आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१३ मध्ये बऱ्याच वर्षांचं संशोधन तपासून समलिंगी लग्नाला जाहीर पाठिंबा दिला. मुलाला लागतं ते स्थिर घर, प्रेम करणारी मोठी माणसं, आर्थिक सुरक्षितता, आणि आईबाप कुठल्या लिंगाचे आहेत यावरून मुलाचं भलंबुरं ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

आणि मूल आधीच त्या घरात असेल तर मान्यता नाकारून फायदा कोणाचा? दोन बाबांपैकी एकाचंच नाव कागदावर, तो वारला तर दुसरा, ज्याने शाळेचे डबे भरले, तापात रात्र रात्र जागला, तो कायद्याने त्रयस्थ ठरतो. मुलाच्या काळजीपोटी विरोध करणाऱ्यांनी या मुलाचाही विचार करावा असं मी अगदी कळकळीने सांगते.

अजून एका गोष्टीचा संबंध मुलांशी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या माहितीवरून एक अभ्यास छापून आला. ज्या राज्यांनी समलिंगी लग्नाला परवानगी दिली तिथे, त्यानंतर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कायद्यामुळेच घटलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्यालाही पुढे घर असू शकतं हे दिसणं किती मोठं असतं, ते त्या वयात एकटं पडलेल्याला विचारा.

हजारो वर्षांची व्याख्या का बदलायची?

व्याख्या कायम बदलत आलीय. बालविवाह, बायकोची मालमत्ता नवऱ्याची, घटस्फोट अशक्य, हे सगळं कधीतरी 'परंपरा' होतं. अमेरिकेत १९६७ पर्यंत अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करणं गुन्हा होता, आणि तेव्हाही हा निसर्गाचा आणि देवाचा नियम आहे असंच कोर्टात सांगितलं जायचं.

मग उद्या कोणीही कोणाशीही लग्न करेल, तीन जण, प्राणी, लहान मुलं?

प्राणी आणि लहान मुलं संमती देऊ शकत नाहीत, विषय संपला. एकापेक्षा जास्त जोडीदारांचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे, त्यात वारसा, पोटगी, निर्णय कोणाचा, हे सगळे नियम मुळापासून परत लिहावे लागतात. दोन पुरुष किंवा दोन बायकांच्या लग्नात बहुतेक नियम जसेच्या तसे चालतात, नवरा-बायको ऐवजी 'जोडीदार' लिहिलं की झालं. नेदरलँड्समध्ये हे सुरू होऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली, तिथे अजूनही लग्न दोघांचंच आहे.

'लग्न' हा शब्द सोडा, वेगळ्या नावाने तेच हक्क दिले तर?

हा मधला मार्ग बऱ्याच भल्या लोकांना पटतो, आणि काही देशांत ती पहिली पायरी होती हे मान्य करायला हवं. पण अनुभव काय? न्यू जर्सी राज्याने 'सिव्हिल युनियन' दिलं आणि ते कसं चाललंय बघायला आयोग नेमला. डिसेंबर २००८ च्या अहवालात आयोगाने स्वच्छ सांगितलं की वेगळ्या नावामुळे समानता येत नाही. हॉस्पिटलमध्ये, विमा कंपनीत, नोकरीच्या ठिकाणी माणसांना हे नातं म्हणजे नक्की काय ते समजावत बसावं लागतं. 'मी बायको आहे' म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. आणीबाणीच्या वेळी हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

हे ठरवायचं कोणी? कोर्टाने, संसदेने की लोकांनी मत देऊन?

तिन्ही प्रकारे झालंय. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ ला सार्वमत झालं, ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि हा असा देश जिथे १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंधच गुन्हा होते. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये पोस्टाने मत मागवलं, ६१.६ टक्के बाजूने. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ ला ६४ टक्के. तैवानमध्ये मात्र २०१७ मध्ये कोर्टाने संसदेला दोन वर्षांची मुदत दिली, मधेच २०१८ च्या सार्वमतात लोकांनी विरोधात मत दिलं, तरी २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. जर्मनीत २०१७ ला संसदेत ३९३ विरुद्ध २२६ ने पास झालं आणि स्वतः चान्सलर मर्केल यांनी विरोधात मत दिलं होतं.

संसदेने केलेला कायदा समाजात जास्त टिकतो हे मला पटतं, कारण चर्चा होते, लोक हळूहळू तयार होतात. सार्वमताचं मात्र मला कधीच बरं वाटलं नाही, निकाल हवा तसा लागला तरीसुद्धा. कारण तोपर्यंत महिनोन्महिने टीव्हीवर, बसस्टॉपवर, ऑफिसात, तुमचं घर हे घर आहे की नाही यावर अनोळखी माणसं वाद घालत असतात आणि तुम्ही ते ऐकत कामाला जायचं. ज्यांची संख्याच कमी आहे त्यांचे हक्क मतं मोजून ठरवायचे असतील तर घटना लिहायची कशाला.

भारतात आत्ता काय परिस्थिती आहे?

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ च्या निकालात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. लग्नाबद्दलच्या याचिकांवर, ज्यात मुख्य मागणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना धरा अशी होती, २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा करणं संसदेचं काम, यावर पाचही जण एकमत. पण सिव्हिल युनियन आणि दत्तक यावर तीन विरुद्ध दोन. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल बाजूने, बाकी तिघं विरोधात. ट्रान्सजेंडर व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल तर आत्ताच्याच कायद्यांनी लग्न करू शकते हे मात्र पाचही जणांनी मान्य केलं, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या.

म्हणजे आता चेंडू संसदेकडे. मधल्या काळात केंद्राने २०२४ मध्ये एवढं स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्याला बँकेत जॉइंट खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं, आणि रेशनकार्डासाठी एकाच घरातले म्हणून धरलं जाईल. छोट्या गोष्टी आहेत, पण ज्याला बँकेतून परत पाठवलं गेलंय त्याला त्याची किंमत कळते.

गे, लेस्बियन लोकांमध्येही काहींना लग्न नको आहे म्हणे?

हो, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. लग्नसंस्थेनेच बायकांचं इतकं नुकसान केलंय, मग आपण तिच्या दारात का उभं राहायचं, असं ते म्हणतात. लग्न मिळालं की लग्न न करणारे अजूनच बाहेर फेकले जातील, ही भीतीही आहे. मद्रास हायकोर्टाने २०२५ मध्ये म्हटलं की कुटुंब बनवायचा लग्न हा एकमेव मार्ग नाही, तो विचार याच दिशेचा आहे. माझं उत्तर साधं आहे, लग्न नको म्हणायचं स्वातंत्र्यही त्यालाच असतं ज्याला ते करता येतं.

बाहेरच्या देशात जाऊन लग्न केलं तर?

तिथे ते लग्न, परत आल्यावर बहुतेक वेळा काहीच नाही. युरोपात थोडी वाट निघाली. रोमानियाचे एड्रियन कोमन आणि त्यांचा अमेरिकन नवरा यांचं लग्न ब्रसेल्समध्ये झालं होतं, ५ जून २०१८ ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की निदान राहण्याच्या परवान्यासाठी तरी रोमानियाने त्याला जोडीदार मानलं पाहिजे. आणि एक काळजी घ्या, मान्यता नसलेल्या देशात राहत असाल तर बाहेर केलेलं लग्न मोडायलाही अवघड जातं, तिथलं कोर्ट म्हणतं लग्नच नाही तर घटस्फोट कसला.

मिळालेला हक्क परत जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. बर्म्युडात, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतल्या एका बेटावर, २०१७ मध्ये कोर्टाने परवानगी दिली, सरकारने २०१८ मध्ये कायदा करून ती काढून घेतली, आणि २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, सरकारचीच बाजू उचलून धरली. अमेरिकेतही काळजी वाटली म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून ठेवला. लोकांचं मत मात्र खूप सरकलंय, गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत तिथला पाठिंबा १९९६ मध्ये २७ टक्के होता, २०२३ मध्ये ७१, नंतर थोडा खाली आला.

मान्यता नाही तोपर्यंत आम्ही दोघांनी काय करून ठेवावं?

वकिलाला भेटा, आणि दोघंही तब्येतीने ठणठणीत असतानाच भेटा. मृत्युपत्र साक्षीदारांसमोर करा, शक्य असेल तिथे रजिस्टर करा, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडा म्हणजे 'शुद्धीत नव्हता' असं नंतर कोणाला म्हणता येणार नाही. बँक, विमा, पीएफ, सगळीकडे नॉमिनीचं नाव तपासा, कुठे वेगळे नियम असतील तर ते आत्ताच कळू दे. नॉमिनी म्हणजे मालक असं सगळीकडे नसतं, म्हणून मृत्युपत्र लागतंच. घर दोघांच्या नावावर घ्या. उपचाराचे निर्णय कोणी घ्यायचे ते लिहून ठेवा, फॅमिली डॉक्टरकडे एक प्रत द्या आणि एक घराबाहेर पडताना सोबत ठेवा. मुखत्यारपत्र केलं असेल तर लक्षात ठेवा, ते माणूस जिवंत असेपर्यंतच चालतं, त्याच्यामागे चालत नाही. आणि दोन्हीकडच्या घरातलं निदान एक माणूस, भाऊ, वहिनी, मावशी, कोणीही, विश्वासात घेऊन ठेवा, ज्याला रात्री दोन वाजता फोन केला तर तो येऊन सही करेल आणि म्हणेल, यांनाही आत सोडा.